सरावात कोणालाही न पाडता ४८९ सामने जिंकणारा प्रशिक्षक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर फेब्रुवारीत सुपर बोलचा सामना झाला, की आपल्या क्रीडा पानावर अमेरिकन फुटबॉलची एक चौकट येते. अंतिम गुणसंख्या, मध्यंतरात कोण गायले आणि अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीला किती पैसे मोजावे लागले, एवढी माहिती तीत असते. या खेळाची जी बाजू आपल्याकडच्या क्रीडाशिक्षकांनी, प्रशिक्षकांनी आणि पालकांनी आवर्जून जाणून घ्यावी असे मला वाटते, ती त्या झगमगाटापासून फार दूर, लहान महाविद्यालयांच्या मैदानांवर आहे. त्यातल्या एका प्रशिक्षकाच्या कारकिर्दीविषयी लिहिण्यासाठी हे पत्र. ते नेहमीच्या वाचकपत्रापेक्षा लांब झाले आहे, तरी आपण त्याला जागा द्याल अशी आशा आहे.

मी मिनेसोटा राज्यातील सेंट क्लाउड शहराच्या परिसरात राहतो. इथून मोटारीने वीसेक मिनिटांवर कॉलेजव्हिल नावाचे ठिकाण आहे. तिथे बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती मठवासीयांनी १८५७ मध्ये स्थापन केलेली सेंट जॉन्स युनिव्हर्सिटी आहे. नावात विद्यापीठ असले, तरी आकाराने ती आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयाएवढीच आहे. पदवीच्या वर्गांत फक्त मुलगे शिकतात आणि त्यांची संख्या दोन हजारांपर्यंतही जात नाही. या संस्थेच्या फुटबॉल संघाला जॉन गलार्डी यांनी १९५३ पासून २०१२ पर्यंत, म्हणजे सलग साठ हंगाम शिकवले. त्याआधी मोंटाना राज्यातील हेलेना येथील कॅरोल कॉलेजात त्यांचे चार हंगाम झाले होते. या चौसष्ट हंगामांत त्यांच्या संघांनी ४८९ सामने जिंकले, १३८ गमावले आणि ११ बरोबरीत सोडवले. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात याहून अधिक विजय कोणत्याही प्रशिक्षकाच्या नावावर नाहीत. ज्यांच्या संघांचे सामने लाख-लाख प्रेक्षकांसमोर होतात, त्या बलाढ्य विद्यापीठांच्या प्रशिक्षकांच्याही नाहीत.

हा विक्रम मोठा आहेच. पण तो ज्या रीतीने झाला, ती रीत मला अधिक महत्त्वाची वाटते. अमेरिकन फुटबॉल हा अंगावर येण्याचा खेळ आहे. चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून जमिनीवर पाडणे, म्हणजे टॅकल करणे, हा त्याचा गाभा. साहजिकच सरावातही रोज एकमेकांना पाडायचे, आदळायचे, जो टिकेल तो खरा खेळाडू मानायचा, अशी तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. गलार्डींच्या सरावात टॅकल करण्यास बंदी होती. खेळाडू अर्ध्या विजारीत किंवा साध्या ट्रॅकपँटमध्ये यायचे, चाली घटवून घ्यायचे, चेंडूवाल्यापर्यंत पोहोचायचे आणि तिथेच थांबायचे. कोणाला पाडायचे ते शनिवारी, सामन्यात, प्रतिपक्षाला.

बंदी एवढ्यावरच थांबत नव्हती. सराव दीड तासाच्या वर लांबवायचा नाही. शिट्टी वाजवायची नाही. जड लोखंडी घसरगाड्या ढकलायच्या नाहीत. वजने उचलण्याची सक्ती नाही. वसंत ऋतूतला जादा सराव नाही. नव्या मुलांची रॅगिंग नाही. संघात येऊ इच्छिणाऱ्या कोणालाही काढून टाकायचे नाही. त्यामुळे संघात दीडशेहून अधिक मुले असत आणि घरच्या सामन्यात लाल सदऱ्यांची रांग मैदानाच्या कडेने लांबच्या लांब पसरलेली दिसे. तहान लागली की पाणी प्यायचे, कोणाला विचारायचे नाही. ऊन फार झाले, थंडी फार झाली किंवा डासांनी फोडून काढले, तर सराव बंद. प्रशिक्षकाला ‘कोच’ म्हणायचे नाही. अठरा वर्षांच्या मुलानेही ‘जॉन’ अशीच हाक मारायची. अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘कोच’ ही हाक आपल्याकडच्या ‘सर’सारखीच आदराची आणि थोड्या भीतीची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या शेवटच्या नियमाचे वजन कळेल.

त्यांच्या सरावातला एक प्रकार इथल्या लोकांना फार आवडतो. अंग मोकळे करण्याचे व्यायाम चालू असताना सगळे खेळाडू पाठीवर उताणे पडत, आकाशाकडे पाहत आणि शेजाऱ्याला म्हणत, ‘काय छान दिवस आहे, नाही?’ कॉलेजव्हिलचे मैदान झाडीने वेढलेल्या खोलगट जागेत आहे. ऑक्टोबरमध्ये ती झाडी पिवळी-तांबडी होते आणि मिनेसोटाचा लांबलचक हिवाळा दाराशी येऊन ठेपलेला असतो. अशा दिवशी दीडशे दांडगी मुले गवतावर उताणी पडून शांतपणे वर पाहत आहेत, हे दृश्य कोणत्याही लष्करी थाटाच्या सराव शिबिरात दिसणार नाही. याला कोणी पोरखेळ म्हणेल. माझ्या मते, उरलेला सव्वा तास कमालीच्या एकाग्रतेने काम करणाऱ्या प्रशिक्षकालाच एवढी सैल पाच मिनिटे परवडतात. कारण सराव हलका असला, तरी ढिला मुळीच नव्हता. एकेक चाल पावलांच्या मापाने बिनचूक होईपर्यंत पुन्हापुन्हा केली जाई, सामन्यांच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या जात आणि समोरची रचना पाहून ऐन वेळी चाल बदलण्याची मुभा क्वार्टरबॅकला, म्हणजे मैदानावर आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूला, असे. १९९३ च्या हंगामात या संघाने दर सामन्यामागे सरासरी साठाहून अधिक गुण केले. शारीरिक दमछाक वाचवून तो वेळ आणि ती शक्ती डोक्याच्या कामाला लावायची, हा त्यांचा हिशेब होता आणि तो सहा दशके बरोबर येत राहिला.

ही पद्धत त्यांना कोणत्या पुस्तकात सापडलेली नव्हती. गलार्डींचा जन्म १९२६ चा, कोलोरॅडो राज्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या ट्रिनिडाड या कोळसा खाणींच्या गावातला. घर इटलीहून आलेल्या स्थलांतरितांचे. १९४३ मध्ये त्यांच्या शाळेच्या प्रशिक्षकाला सैन्यात बोलावणे आले आणि संघ बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा मुलांनीच शाळेला गळ घातली आणि सोळा वर्षांचा जॉन खेळाडूही राहिला आणि प्रशिक्षकही झाला. सूत्रे हाती येताच त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर त्याला स्वतःला ज्या ज्या गोष्टींचा जाच होत होता त्या बंद केल्या. उकिडवे बसून बदकासारखे चालण्याची शिक्षावजा कवायत गेली. सरावात पाणी पिण्यास असलेली मनाई गेली. पाणी प्यायल्याने खेळाडू मऊ पडतो, अशी त्या काळी जाणत्या लोकांचीही समजूत होती. सोळा वर्षांच्या मुलाला ती पटली नाही, कारण तहान त्याला स्वतःला लागत होती. प्रशिक्षकाच्या अंगी येणारी बहुतेक कठोरता ही त्याने स्वतः भोगलेल्या त्रासाची परतफेड पुढच्या पिढीकडून करून घेण्यातून येते, असे मला अनेकदा वाटत आले आहे. या मुलाने ती साखळी अगदी पहिल्याच दिवशी तोडली, आणि माझ्या दृष्टीने त्याच्या पुढच्या सगळ्या विजयांहून ही गोष्ट मोठी आहे.

पुढे शिक्षण चालू असताना शाळेच्या संघांना शिकवणे, १९४९ मध्ये पदवी मिळताच बाविसाव्या वर्षी कॅरोल कॉलेज, आणि तिथे चार हंगामांत २४ विजय, असा प्रवास झाला. १९५३ मध्ये सेंट जॉन्सने त्यांना बोलावले. तिथे आधीचे प्रशिक्षक होते जॉनी ब्लड या टोपणनावाने गाजलेले जॉन मॅकनॅली. व्यावसायिक फुटबॉलमधले एवढे मोठे नाव, की १९६३ मध्ये त्या खेळाच्या सन्मान दालनात ज्यांना पहिल्याच तुकडीत घेतले गेले त्यांत ते होते. सेंट जॉन्समध्ये कोणालाच जिंकता येणार नाही, असा इशारा जाताना त्यांनी गलार्डींना दिला, असे इथे सांगितले जाते. गलार्डींच्या पहिल्याच हंगामात संघाने मिनेसोटातील महाविद्यालयांच्या साखळीचे विजेतेपद वाटून घेतले. अशी सत्तावीस साखळी विजेतेपदे आणि १९६३, १९६५, १९७६ व २००३ अशी चार राष्ट्रीय अजिंक्यपदे या संघाला त्यांच्या कारकिर्दीत मिळाली.

त्याच काळात दुसऱ्या टोकाला काय चालले होते, तेही सांगितले पाहिजे. १९५४ मध्ये, म्हणजे गलार्डी कॉलेजव्हिलला आल्याच्या पुढच्याच वर्षी, पॉल ‘बेअर’ ब्रायंट या पुढे दंतकथा बनलेल्या प्रशिक्षकाने टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघाला जंक्शन नावाच्या गावी नेले आणि अवर्षणाच्या रखरखीत उन्हात दहा दिवस पाण्याविना रगडले. बहुतेक मुले शिबिर सोडून गेली. त्या वर्षी संघाने दहापैकी एकच सामना जिंकला. दोन वर्षांनी तो आपल्या साखळीचा विजेता झाला आणि जंक्शनच्या शिबिराची शौर्यकथा झाली; पळून गेलेल्या मुलांचे पुढे काय झाले, हे त्या कथेत कोणी फारसे विचारत नाही. ब्रायंट यांच्या विजयांची एकूण संख्या ३२३ आहे. ते अधिक कठीण पातळीवर खेळले हे मान्य करूनही मला एवढे म्हणायचे आहे, की पाणी तोडल्याने संघ घडतो या समजुतीला कोणताही आधार त्या काळीही नव्हता आणि तिला खोटे पाडणारा माणूस त्याच काळी, त्याच देशात, दर शनिवारी जिंकत होता.

ही समजूत अजून मेलेली नाही. मे २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या संघातील एकोणीस वर्षांचा खेळाडू सरावात धावताना उष्माघाताने कोसळला आणि जूनमध्ये दवाखान्यात मरण पावला. विद्यापीठाने पुढे आपली कायदेशीर व नैतिक जबाबदारी मान्य केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी गलार्डी गेले. एकाच वर्षातल्या या दोन मृत्यूंचा परस्परांशी काही संबंध नाही, पण मला ते वेगवेगळे आठवता येत नाहीत.

डोक्याला बसणाऱ्या माराचा प्रश्न याहूनही मोठा आहे. वारंवार होणाऱ्या आघातांनी मेंदूचा ऱ्हास करणारा सीटीई हा विकार आता सर्वांना माहीत झाला आहे. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संशोधनासाठी दान केलेल्या मेंदूंपैकी महाविद्यालयीन पातळीपर्यंत खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांच्या मेंदूत तो आढळला. ज्यांना त्रास होत होता अशांच्या कुटुंबीयांनीच प्रामुख्याने मेंदू दान केले, त्यामुळे हे प्रमाण सर्व खेळाडूंना लागू करता येत नाही, हे संशोधकांनीच स्पष्ट केले आहे. तरीही ते वाचून कोणताही पालक अस्वस्थ होईल. हा मार सामन्यांइतकाच सरावातही बसतो. सामने हंगामात दहा-बारा आणि सराव आठवड्यातून चार-पाच दिवस. म्हणजे कपात कुठे करता येईल, हे उघड आहे. व्यावसायिक लीगने २०११ च्या करारात पूर्ण पॅड घालून करायच्या सरावांवर मर्यादा घातली. डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० पासून आपल्या संघाच्या सरावात खेळाडूंनी एकमेकांना टॅकल करणे थांबवले. पुढे तिथे दूरनियंत्रकाने पळणारा यांत्रिक पुतळा पाडून सराव होऊ लागला. २०१५ मध्ये त्यांचा संघ आयव्ही लीगचा, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील आठ नामवंत विद्यापीठांच्या साखळीचा, संयुक्त विजेता झाला आणि २०१६ मध्ये त्या लीगच्या आठही प्रशिक्षकांनी हंगामातील सरावात टॅकल न करण्याचे ठरवले. गलार्डी हे कितीतरी दशके आधी करत होते आणि त्यासाठी त्यांना मेंदूच्या छायाचित्रांची गरज पडली नव्हती. आपल्या हाताखालच्या मुलाला आपल्याच दुसऱ्या मुलाने जायबंदी करण्यात काय शहाणपण आहे, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

माझा मुलगा इथल्या शाळेत फुटबॉल खेळायचे म्हणाला, तेव्हा आमच्या घरी बरीच वादावादी झाली. मिनेसोटातल्या अनेक मराठी घरांत ती होते. आपण कबड्डी-कुस्ती पाहत वाढलेलो असलो, तरी हेल्मेट घालून एकमेकांवर धडकणारी मुले पाहून आपला जीव दडपतो. त्या वादात आम्हाला उपयोगी पडलेला प्रश्न सेंट जॉन्समुळेच सुचला. संघ किती सामने जिंकतो, हे आम्ही प्रशिक्षकांना विचारलेच नाही. आठवड्यातून किती दिवस अंगावर जाऊन सराव होतो आणि मुलाचे डोके दुखू लागले तर त्याला बाहेर बसवण्याचा अधिकार कोणाला आहे, हे विचारले. समाधानकारक उत्तर मिळाल्यावरच आम्ही होकार दिला.

गलार्डींच्या कारकिर्दीवर आक्षेप घेता येतात आणि ते लपवण्याचे कारण नाही. त्यांचा संघ महाविद्यालयीन खेळाच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे आणि स्पर्धा वरच्या श्रेणीइतकी तीव्र नसते. विजयांची टक्केवारी पाहिली, तर त्याच श्रेणीतील माउंट युनियन कॉलेजचे लॅरी केअर्स त्यांच्या बरेच पुढे आहेत; त्यांचे ३३२ विजय आणि फक्त २४ पराभव आहेत. दीडशे मुले संघात ठेवायची म्हणजे त्यांतल्या पुष्कळांना चार वर्षांत महत्त्वाच्या सामन्यात मैदानावर पाऊलही टाकायला मिळत नाही, हेही खरे. शेवटच्या काही वर्षांत संघाची पूर्वीची धार उरली नव्हती. २०१२ च्या अखेरच्या हंगामात पाच विजय आणि पाच पराभव होते, आणि शहाऐंशी वर्षांच्या माणसाने आधीच थांबायला हवे होते असे म्हणणारे इथेही भेटतात. पण श्रेणीचा आक्षेप मला निर्णायक वाटत नाही. त्यांच्यासमोर येणारे संघही त्याच श्रेणीतले होते आणि बिनशिष्यवृत्तीचेच होते. फरक एवढाच, की ते मंगळवारी-बुधवारी एकमेकांना पाडत होते आणि हे पाडत नव्हते. डिसेंबर २००३ मध्ये व्हर्जिनियातील सेलम येथे झालेल्या अंतिम सामन्यात सलग ५५ सामने जिंकत आलेल्या केअर्स यांच्याच माउंट युनियनला त्यांनी २४–६ असे हरवले. सरावात टॅकल न करणाऱ्या संघाने त्या दिवशी देशातल्या सर्वात जबरदस्त आक्रमणाला सहा गुणांवर रोखून धरले होते.

त्याच हंगामात ८ नोव्हेंबरला बेथेल संघाला २९–२६ असे हरवून त्यांनी ४०९ वा विजय मिळवला आणि एडी रॉबिन्सन यांचा विक्रम मागे टाकला. रॉबिन्सन यांच्याविषयी दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत, कारण तेही लहान महाविद्यालयाचेच. लुइझियानातील ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीच्या संस्थेत १९४१ पासून १९९७ पर्यंत ते राहिले. वर्णभेदामुळे ज्यांना दक्षिणेतील मोठ्या विद्यापीठांत प्रवेशच नव्हता, अशा मुलांतून त्यांनी दोनशेहून अधिक व्यावसायिक खेळाडू घडवले. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत सर्वात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा क्रीडा प्रशिक्षक असतो. अशा देशात विजयांच्या यादीत वर्षानुवर्षे शिखरावर राहिलेली ही दोन्ही माणसे जवळजवळ आयुष्यभर एकाच लहान संस्थेत राहिली. सेंट जॉन्समध्ये तर गलार्डी फुटबॉल प्रशिक्षणाच्या तत्त्वांचा वर्गही घेत आणि सुरुवातीच्या काही वर्षांत आइस हॉकीच्या संघालाही शिकवत.

आता आपल्याकडे वळतो. मिरजेत शाळेत असताना ज्या मैदानावर मी वाढलो, तिथे सरावाला उशिरा येणाऱ्याला मैदानाला फेऱ्या, चेंडू सोडणाऱ्याला बेडूकउड्या आणि सराव संपेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही, हा शिरस्ता होता. शिकवणारे सर वाईट नव्हते. त्यांनाही त्यांच्या सरांनी तसेच शिकवले होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. पण तीच शिक्षा ‘व्यायाम’ म्हणून मैदानावर दिली, तर तिच्याकडे शिक्षा म्हणून कोणी पाहत नाही. पालकही उलट कौतुकाने सांगतात, की सर फार कडक आहेत. गावाकडच्या नातेवाइकांशी आणि शिक्षक मित्रांशी बोलताना आजही हे ऐकू येते. व्यायाम हीच शिक्षा झाली, की शाळा सुटल्यावर मूल आयुष्यभर व्यायामाकडे पाठ फिरवते, हे नुकसान तर कोणत्याही दुखापतीच्या नोंदीत येत नाही.

माझी आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. जिल्ह्यातील एखाद्या कबड्डीच्या, खो-खोच्या किंवा कुस्तीच्या प्रशिक्षकाची मुलाखत आपण छापता, तेव्हा पदकांची यादी अवश्य द्यावी. त्याबरोबर त्याच्याकडे वर्षाच्या सुरुवातीला किती मुले-मुली आल्या होत्या आणि वर्षाअखेर किती टिकल्या, सरावात किती जण जायबंदी झाले, पाणी केव्हा मिळते आणि मूल ‘आज जमत नाही’ म्हणाले तर काय होते, हेही विचारावे. ही माहिती छापून येऊ लागली, तर पालक ती वाचतील आणि प्रशिक्षकांनाही ती ठेवावीशी वाटेल. शाळा-महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षकांपैकी कोणाला सेंट जॉन्सच्या सराव पद्धतीची तपशीलवार माहिती हवी असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी मराठीत टिपण तयार करून आनंदाने पाठवीन.

आपला,
एक वाचक
सेंट क्लाउड, मिनेसोटा
(मूळ गाव: मिरज)